पुस्तकं जाळणाऱ्या जगाचा सिनेमा: त्रुफोने ब्रॅडबरीकडून काय घेतलं, काय सोडलं

जानेवारी १९५४ मध्ये पॅरिसच्या 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकात एकवीस वर्षांच्या एका समीक्षकाचा लेख आला आणि फ्रेंच सिनेमावाल्यांत खळबळ उडाली. फ्रांस्वा त्रुफोचा आरोप सरळ होता. आपले नावाजलेले पटकथाकार कादंबरी हातात घेतात, त्यातला जो प्रसंग पडद्यावर येणार नाही असं त्यांना वाटतं तो काढून टाकतात आणि त्याच्या जागी तोलामोलाचा म्हणून स्वतःचा प्रसंग बसवतात. या अदलाबदलीत लेखकाचा प्राणच निघून जातो, असं त्याचं म्हणणं. ऑरांश आणि बॉस्त या पटकथाकार जोडीची नावं घेऊन त्याने हे लिहिलं. बेर्नानोस या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतले जे प्रसंग ऑरांशने चित्रित होण्याजोगे नाहीत म्हणून बदलले होते, त्यातले काही ब्रेसाँ या दिग्दर्शकाने १९५१ साली आपल्या चित्रपटात तसेच ठेवून दाखवले होते. त्रुफोचा हा हुकमी दाखला होता.

बारा वर्षांनी हाच माणूस इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत उभा राहून एका अमेरिकी कादंबरीचा चित्रपट करत होता, आणि ती कादंबरी होती पुस्तकबंदीवरची: रे ब्रॅडबरीची 'फॅरनहाइट ४५१'. रूपांतर म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. रूपांतरावर इतकं कडक लिहिणारा दिग्दर्शक स्वतः त्या जागी उभा राहिल्यावर काय करतो, हे इथे प्रसंगाप्रसंगाने तपासता येतं. शिवाय कादंबरीतलं काय त्याच्या हातून निसटलं, तेही दिसतं. माझ्या मते जे निसटलं ते कादंबरीतलं सगळ्यात बोचरं होतं.

आधी कादंबरी. ब्रॅडबरी कॉलेजात गेला नव्हता, सार्वजनिक ग्रंथालयांत वाचून घडलेला लेखक. १९५१ च्या फेब्रुवारीत 'गॅलक्सी' मासिकात त्याची एक दीर्घकथा आली होती. ती वाढवून त्याने ही कादंबरी केली. लिहिण्याची जागा होती लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या पॉवेल ग्रंथालयाचं तळघर. तिथे टाइपरायटर भाड्याने मिळायचे, अर्ध्या तासाला दहा सेंट, आणि कादंबरीला एकूण ९ डॉलर ८० सेंट लागले असं तो सांगत असे. ऑक्टोबर १९५३ मध्ये बॅलन्टाइनने पुस्तक काढलं. अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चाललेल्या मॅकार्थीच्या चौकश्यांचा तो काळ, आणि १० मे १९३३ ला नाझींनी बर्लिनच्या ऑपेरा चौकात पेटवलेल्या पुस्तकांच्या ढिगाला तेव्हा वीसच वर्षं झाली होती.

गोष्ट अशी: घरं आग न लागणारी झाली आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना नवं काम मिळालं आहे, पुस्तकं शोधून जाळायचं. कागद पेट घेतो असं मानलं जाणारं तापमान म्हणून ४५१, म्हणजे सुमारे २३३ अंश सेल्सिअस. गाय माँटॅग असाच एक बंबवाला. शेजारची क्लॅरिस त्याला विचारते, तुम्ही सुखी आहात का? बायको मिल्ड्रेड भिंतीएवढ्या टीव्हीत बुडालेली. तीन भिंती झाल्या आहेत आणि तिला चौथीही हवी आहे. माँटॅग पुस्तकं चोरतो, वाचतो, पकडला जातो, आपला वरिष्ठ कॅप्टन बीटी याला जाळून नदीकाठाने पळतो आणि एकेक पुस्तक तोंडपाठ करून जगणाऱ्या माणसांत जाऊन पोचतो. मागे शहरावर बॉम्ब पडतात.

त्रुफोला ही गोष्ट का भावली याचं उत्तर त्याच्या पहिल्याच मोठ्या चित्रपटात आहे. १९५९ च्या 'फोर हंड्रेड ब्लोज'मधला तो शाळेला वैतागलेला पोरगा कपाटात बाल्झाकचा फोटो लावतो, समोर मेणबत्ती ठेवतो आणि त्या भक्तीपायी घराला आग लागता लागता वाचते. त्रुफोचं स्वतःचं बालपणही असंच दुर्लक्षित होतं, आणि त्यातून तो तरला तो पुस्तकांच्या आणि थिएटरांच्या जोरावर. पुस्तकांवरचं प्रेम त्याला शिकायचं नव्हतं. विज्ञानकथा मात्र त्याला मुळीच आवडत नसे. या दोन्ही गोष्टी चित्रपटभर जाणवतात.

हक्क घेतल्यापासून चित्रीकरण सुरू व्हायला काही वर्षं गेली. फ्रान्समध्ये पैसा उभा राहिना. शेवटी लुइस ॲलन हा निर्माता आणि युनिव्हर्सल पुढे आले आणि जानेवारी १९६६ मध्ये पाइनवुडला काम सुरू झालं. हा त्रुफोचा पहिला रंगीत चित्रपट आणि इंग्रजीतला एकमेव. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. झाँ-लुई रिशारबरोबर त्याने पटकथा लिहिली आणि संवाद इंग्रजीत आणायला इतरांची मदत घेतली. शब्दांवरच्या प्रेमाचा चित्रपट, आणि दिग्दर्शकाला संवादातला शब्द खरा पडला की खोटा हे कानाने कळत नाही! बंबवाल्यांच्या ठाण्यात किंवा माँटॅगच्या घरात हा कोरडेपणा शोभतो, कारण ती माणसंच शब्दांना पारखी झालेली आहेत. क्लॅरिसच्या तोंडी तो शोभत नाही. ती मोकळी बोलणारी हवी होती. पुढे त्रुफोनेही फ्रेंचमध्ये डब केलेली प्रत जास्त पसंत केली.

अक्षर नसलेलं जग

चित्रपट सुरू होतो आणि पडद्यावर एकही नाव उमटत नाही. वेगवेगळ्या रंगांत न्हालेले टीव्हीचे अँटेना दिसतात, कॅमेरा एकेका छपराकडे झेप घेतो आणि एक आवाज चित्रपटाचं नाव, नटांची नावं, दिग्दर्शकाचं नाव वाचून दाखवतो. या जगात लिहिणं नाही, मग श्रेयनामावली तरी कशी लिहायची? पुढेही हे व्रत मोडत नाही. माँटॅग अंथरुणात वर्तमानपत्र चाळतो ते नुसत्या चित्रचौकटींचं, बोलाच्या फुग्यांशिवाय. कचेरीतल्या त्याच्या फाइलमध्ये फोटो आहेत आणि आकडे आहेत, बाकी काही नाही.

ब्रॅडबरीला हे करताच आलं नसतं. कादंबरीत अक्षर नसलेल्या जगाबद्दलही अक्षरांतूनच सांगावं लागतं, वाचकाचा डोळा सतत अक्षरांवरच असतो. सिनेमाला अक्षर सोडता येतं. त्रुफोने ते सोडलं, आणि अर्धा तास गेल्यावर आपल्याला नेमकं काय खटकतंय हे प्रेक्षकाच्या लक्षात येतं. मग ती रात्र येते. बायको झोपली आहे. माँटॅग पांढरा झगा घालून चालू टीव्हीच्या पडद्यासमोर बसतो, त्याच्या उजेडात 'डेव्हिड कॉपरफिल्ड' उघडतो आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागतो. गोष्ट कुठून सुरू होते हे त्याला ठाऊक नाही, म्हणून तो मुखपृष्ठामागचं पान, लेखक, प्रकाशनाचा तपशील, सगळं एका सुरात वाचतो. कॅमेरा छापील ओळींच्या इतका जवळ जातो की टाइपाचा खडबडीतपणा दिसावा. मग पहिलं प्रकरण: मी जन्मलो. उपाशी माणसापुढे ताट यावं तसा आपला डोळा त्या अक्षरांवर पडतो. वाचणं ही शारीरिक भूक आहे हे मला दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाने असं पटवलेलं नाही.

आता त्या १९५४ च्या लेखाकडे परत जाऊ. कादंबरीत एक यांत्रिक कुत्रा आहे, आठ पायांचा, विषारी सुईचा. माँटॅग मनाने बिथरला आहे हे माणसांच्या आधी त्या यंत्राला कळतं आणि ते त्याच्यावर गुरगुरतं. त्रुफोने हा कुत्रा काढला. त्याच्या जागी काय आणलं? ठाण्यातला खांब. चित्रपटातले बंबवाले खांबावरून नुसते खाली घसरत नाहीत, वरही अलगद उचलले जातात. माँटॅग वाचायला लागतो आणि एके दिवशी खांब त्याला वर नेत नाही. तो जिन्याने जातो. कॅप्टन ते पाहतो. यंत्राने माणसाला ओळखल्याची तीच गोष्ट, पण कुत्र्याविना, एका साध्या वस्तूतून. ऑरांश आणि बॉस्त यांना ज्यासाठी त्याने धारेवर धरलं होतं तीच ही युक्ती, काढलेल्या प्रसंगाच्या बदली दुसरा प्रसंग. इथे ती पूर्णपणे साधली आहे. कादंबरीत माँटॅग बायकोच्या मैत्रिणींना मॅथ्यू आर्नल्डची कविता वाचून दाखवतो, चित्रपटात त्याच जागी डिकन्स येतो आणि एक बाई रडू लागते. तीही अदलाबदल चालून जाते, कारण प्रेक्षकाने तेच पुस्तक त्या रात्री त्याच्याबरोबर उघडलेलं असतं.

जे साधलं नाही तेही सांगायला हवं. माँटॅगच्या मागावर उडत येणारी पाठीवर यंत्रं बांधलेली माणसं आजच काय, तेव्हाही कच्चीच वाटली असणार; तारा दिसतात. उलट भविष्य म्हणून निवडलेल्या खऱ्याखुऱ्या जागा टिकून राहिल्या: लंडनमधल्या रोहॅम्प्टनच्या आल्टन वसाहतीतल्या एकसारख्या इमारती, आणि फ्रान्समध्ये ऑर्लेआँजवळ शातोनफ-स्युर-ल्वार इथे प्रयोग म्हणून उभारलेली टांगती मोनोरेल. छायाचित्रकार निकोलस रोगने टिपलेल्या त्या चित्रांत लाल बंब असा ठळक उठतो की लहान मुलाच्या खेळण्यासारखा गोजिरवाणा वाटतो, आणि म्हणूनच भयंकर.

पुस्तकांचे देह

चित्रीकरणाच्या काळात त्रुफो रोजनिशी लिहीत होता, ती 'काहिए'मध्ये छापली गेली. त्यात त्याने एक गोष्ट नोंदवली आहे: पुस्तक हातातून पडलं तर चौकटीबाहेर जाऊ द्यायचं नाही, जमिनीवर पोचेपर्यंत कॅमेऱ्याने त्याची सोबत करायची, कारण इथे पुस्तकं ही पात्रं आहेत. चित्रपट पाहताना हे लक्षात ठेवलं तर सुरुवातीच्या धाडीतच दिव्याच्या काचेमागे लपवलेला 'डॉन किहोते' सापडतो तेव्हा एखादा माणूस पकडला गेल्यासारखं वाटतं.

याचा कळस म्हणजे म्हाताऱ्या बाईचं घर. माळ्यावर तिचं गुप्त ग्रंथालय सापडतं. बी डफेल या अभिनेत्रीने ही बाई अशी रंगवली आहे की ती घाबरलेली नाही, उलट पाहुणे आल्यासारखी प्रसन्न आहे. पुस्तकांचा ढीग रचला जातो, रॉकेल ओतलं जातं, ती ढिगावर उभी राहते आणि काडी स्वतः ओढते. त्यानंतर कॅमेरा तिला सोडून कागदांकडे वळतो. पानं कडेने तपकिरी होतात, कुरळी होतात, वाऱ्याने एकामागून एक उलटतात. साल्वादोर दालीच्या चित्रांचं पुस्तक जणू कोणी चाळतंय तसं स्वतःहून उघडत जातं. अधूनमधून एखादी ओळ वाचता येते, पुरी होण्याआधी काळी पडते. बर्नार्ड हर्मनचं संगीत तंतुवाद्यांचं, हार्पचं. हर्मनने विचारलं होतं, आधुनिक संगीतकार सोडून मी कशाला? त्रुफो म्हणाला, ते मला विसाव्या शतकाचं संगीत देतील, तुम्ही एकविसाव्याचं द्याल. ही आठवण हर्मन सांगत असे. आणि खरंच, त्या आगीवर ते संगीत जुनं वाटत नाही.

जे सुटलं

त्याच माळ्यावर कॅप्टन माँटॅगला व्याख्यान देतो. सिरिल क्युसॅक ते मधाळ आवाजात बोलतो: कादंबऱ्या कधी नसलेल्या माणसांबद्दल असतात आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल असमाधानी करतात, तत्त्वज्ञान म्हणजे कपड्यांच्या फॅशनसारखं, यंदा हे पुढच्या वर्षी ते. अमुक पुस्तक अमुक लोकांना आवडलं नाही, तमुक पुस्तकाने सिगारेट ओढणारे धास्तावले, म्हणून जाळलं. सगळे सारखे असले तरच सगळे सुखी. आणि सगळी पुस्तकं जाळली पाहिजेत म्हणताना त्याच्या हातात हिटलरचं 'माइन काम्फ' असतं. तो क्षण धाडसी आहे, कारण पुस्तकांच्या बाजूने उभ्या असलेल्या प्रेक्षकालाही तो क्षणभर अडवतो.

पण कादंबरीतलं बीटीचं भाषण याहून फार मोठं आहे आणि त्याचा रोखच वेगळा आहे. तो इतिहास सांगतो: माणसं वाढली, वेग वाढला, पुस्तकांचे सारांश आले, सारांशांचे सारांश आले, शाळा आखूड झाल्या, प्रत्येक गटाला दुखावणारं काही ना काही सापडलं, लेखक-प्रकाशकांनी स्वतःच कडा घासून टाकल्या. हे वरून, सरकारकडून आलं नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. बंबवाले आले ते शेवटी. आणि हे पटावं म्हणून ब्रॅडबरीने फेबर हा निवृत्त प्राध्यापक उभा केला आहे. तो कबूल करतो की काय चाललंय हे मला दिसत होतं, बोलण्याची वेळ होती तेव्हा मी बोललो नाही. लोकांनी आपणहून वाचणं सोडलं, हेही तोच सांगतो.

चित्रपटात फेबर नाही. माळ्यावरच्या दोनचार वाक्यांत त्या इतिहासाची सावली पडते, पण तेवढ्यात आपलं लक्ष पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचण्यात गुंतलेलं असतं. परिणाम असा की चित्रपटात जाळणारे आहेत, वाचणारे आहेत आणि टीव्हीने गुंगलेले बिचारे आहेत, पण दोष पत्करणारा एकही माणूस नाही. पुस्तकांवर प्रेम करणारा प्रेक्षक स्वतःला आपोआप चांगल्या बाजूला धरतो आणि निश्चिंत बाहेर पडतो. कादंबरी वाचणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. मी शेवटचं पुस्तक कधी पुरं वाचलं, हा प्रश्न ती त्याला विचारते. त्रुफोला पुस्तकं इतकी प्रिय होती की लोक ती कंटाळून टाकूनही देतील, हे त्याच्या गळी उतरलं नसावं. त्याचं प्रेम हेच या चित्रपटाचं बळ आहे आणि उणीवही.

ज्युली ख्रिस्तीला दोन्ही भूमिका देणं, बायको आणि क्लॅरिस, हाही असाच दुधारी निर्णय. (ख्रिस्तीचा जन्म आसामातल्या चहाच्या मळ्यावरचा.) कल्पना निर्मात्याची होती. चित्रपटात बायकोचं नाव मिल्ड्रेडऐवजी लिंडा. एकच चेहरा, एक वाचणारा आणि एक न वाचणारा, म्हणजे फरक जन्माचा नाही, निवडीचा आहे. सुटलेला धागा इथे थोडा हाती येतो, हे मान्य करायला हवं. पण दोघींतला फरक मुख्यतः केसांचाच राहतो. माँटॅग झालेल्या ऑस्कर वेर्नरशी तर दिग्दर्शकाचं चित्रीकरणभर बिनसलेलं होतं. शेवटी वेर्नरने केस कापून घेतले आणि मागच्या दृश्यांशी मेळ बिघडवला. तरी त्याच्या ऑस्ट्रियन उच्चारातला माँटॅग काळ्या गणवेशात उभा राहतो तेव्हा बर्लिनची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. वेर्नर स्वतः महायुद्धात जर्मन सैन्यातून पळालेला माणूस होता.

रानातली माणसं

शेवट त्रुफोने बराच बदलला. कादंबरीत क्लॅरिस आधीच नाहीशी होते, बहुधा गाडीखाली सापडून. चित्रपटात ती जगते आणि माँटॅगला पुस्तकमाणसांत भेटते. युद्ध नाही, बॉम्ब नाही. पुस्तकमाणसं आपापलं पुस्तक पुटपुटत तळ्याकाठी येरझाऱ्या घालतात. जुळे भाऊ आहेत, ते 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे दोन भाग. एक जण ब्रॅडबरीचंच 'मार्शियन क्रॉनिकल्स'. माँटॅग एडगर ॲलन पोच्या कथा निवडतो. पाठ झालं की छापील प्रत ही माणसं स्वतः जाळतात, डोक्यातलं कोणी हिसकावू शकत नाही म्हणून. चित्रीकरणाला एप्रिल लागला होता आणि अनपेक्षित बर्फ पडला. त्रुफोने काम थांबवलं नाही. मरायला टेकलेला एक म्हातारा स्टीव्हन्सनची 'वीअर ऑफ हर्मिस्टन' एका मुलाला शिकवतो आहे. ती कादंबरी लेखकाच्या मृत्यूमुळे मुळातच अपुरी राहिलेली. मुलगा अडखळतो, पुन्हा म्हणतो.

मराठी वाचकाला या दृश्यात एक गोष्ट चटकन दिसते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून वेळोवेळी उतरवून ठेवल्या, त्या गेल्यावर १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने छापल्या गेल्या, आणि जे कोणी उतरवलं नाही ते गेलंच. स्मरणशक्ती पुस्तक वाचवते हे खरं, पण ऐकणारा दुसरा माणूस असेल तरच. त्रुफोला हे कळलं होतं, म्हणून त्याने शेवटी एकटा पाठ करणारा दाखवला नाही, शिकवणारा आणि शिकणारा दाखवले. मात्र कादंबरीतली माणसं पुस्तकं डोक्यात घेऊन जळक्या शहराकडे परत निघतात, काही कामाला यावं म्हणून. चित्रपटातली रानातच राहतात.

चित्रपट सप्टेंबर १९६६ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. कौतुक आणि नापसंती दोन्ही वाट्याला आली. त्रुफो पुन्हा इंग्रजीत चित्रपट करायला गेला नाही; नट म्हणून मात्र स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये दिसला, ज्यातला भारताचा प्रसंग आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. २०१८ मध्ये रामीन बहरानीने ही कादंबरी एचबीओसाठी पुन्हा केली. त्यात बंबवाल्यांच्या कारवायांना समाजमाध्यमांवर थेट प्रेक्षक मिळतात, आणि हा विचार कादंबरीच्या मूळ आरोपाच्या जवळचा आहे. पण बहरानीने बायकोच काढून टाकली. न वाचणाऱ्या सामान्य माणसाचा चेहरा गेला, आणि उरली ती पाठलागाची गोष्ट.

ब्रॅडबरीला त्रुफोचा शेवट आवडला होता, विशेषतः क्लॅरिसचं जगणं. १९७९ मध्ये त्याने स्वतः या कादंबरीचं नाटक केलं तेव्हा तिला जिवंत ठेवलं. त्याच सुमारास त्याला दुसरी एक गोष्ट समजली. चित्रपटानंतर लगेच, १९६७ पासून, बॅलन्टाइनने शाळांसाठी कादंबरीची वेगळी आवृत्ती काढली होती. तिच्यात शिव्या आणि गर्भपाताचा उल्लेख गाळला होता, दारुड्या माणसाचा आजारी माणूस केला होता, अशा सुमारे ७५ जागा लेखकाला न विचारता बदलल्या होत्या. कोणत्या सरकारने हुकूम काढला नव्हता. शाळांना अडचण नको म्हणून प्रकाशनसंस्थेतल्या संपादकांनीच ते केलं होतं. १९७३ पासून तर बाजारात फक्त तीच काटछाट केलेली प्रत विकली जात होती. हे उघड झालं ते विद्यार्थ्यांनी ब्रॅडबरीला पत्रं लिहिली म्हणून. त्याने प्रकाशकाला मूळ मजकूर परत बसवायला लावला, आणि पुढच्या आवृत्त्यांना स्वतःचं एक जळजळीत टिपण जोडलं: पुस्तक जाळायचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत, आणि पेटत्या काड्या घेऊन फिरणाऱ्यांनी जग भरलेलं आहे.